भाद्रपदात मोजलेले पाणी

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. दोन हात लांब, एक हात रुंद, आणि वरच्या कडेला मधोमध एक त्रिकोणी खाच. मला पाहून लोक विचारतात, हा कशाचा तुकडा? मी तुकडा नाही. मी वाहते पाणी मोजण्याचे साधन आहे आणि मी रागावलेलो आहे. राग कशाचा आहे ते क्रमाने सांगतो. मला ज्यांनी घडवून घेतले त्या बाई सगळे क्रमाने करत, तीच सवय मला लागली.

साधन होण्याआधी मी डांबराच्या पिंपाचा भाग होतो. महामार्गाच्या कामावर पिंप रिकामे झाले आणि लांज्याला बसथांब्यामागे पत्र्याची कामे करणाऱ्या सदूकडे आले. १९८३ च्या दिवाळीनंतर एका दुपारी विमलाबाई त्याच्या दुकानात आल्या. त्या हायस्कुलात विज्ञान शिकवत आणि शाळेजवळच्या पाटकोंड गावात खोली घेऊन राहत. त्यांनी वहीच्या पानावर माझे चित्र काढून आणले होते.

सदू चित्राकडे बघून म्हणाला, "बाई, चांगल्या पत्र्याला खाच कशाला पाडताय? फुकट जाईल."

"खाच बरोबर नव्वद अंशांची हवी, सदूभाऊ. एक अंशही इकडेतिकडे नको."

"गुण्या लावून कापतो. पर गावात कुनाची मान अडकवायची हाय ते तरी सांगा."

"पाण्याची," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. सदू मात्र खूप हसला, आणि हसत हसत त्याने खाच अगदी काटकोनात कापली. ते काम त्याने चोख केले. माझ्या आयुष्यात चोख काम करणारी माणसे मी बोटांवर मोजू शकतो.

माझे काम कसे चालते ते ऐका. झऱ्याच्या प्रवाहात मला आडवे रोवायचे, कडेच्या फटी मातीने लिंपायच्या. मग सगळे पाणी खाचेतूनच जाते. खाचेजवळ पाणी वाकून खाली पडते, म्हणून उंची तिथे वाचायची नाही. दोन हात मागे सेंटिमीटरच्या खुणांची एक काठी रोवायची. तिचे शून्य खाचेच्या खालच्या टोकाच्या पातळीत ठेवायचे आणि काठीवर आकडा वाचायचा. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आकडा निम्मा झाला म्हणजे पाणी निम्मे झाले असे नाही. खाच खाली निमुळती आहे. आकडा निम्मा झाला की पाणी पाचव्या हिश्श्याहूनही कमी उरते. हे मी पुढे कितीदा ओरडून सांगितले असते! पण पत्र्याला तोंड नसते.

माझी गरज का पडली? पाटकोंडात चार वाड्या: देऊळवाडी, मधली वाडी, खालची वाडी आणि डोंगराच्या कुशीला बौद्धवाडी. माणसे सव्वाचारशे. चैत्र संपला की विहिरी तळ दाखवत. त्या वर्षी तालुक्याच्या कचेरीतून कळले होते की गावाने स्वतः योजना आखून द्यावी. कोणता झरा, उन्हाळ्यात त्याला पाणी किती, टाकी कुठे, नळ कुठून, पुढची देखभाल कोण करणार. योजना पटली तर मोठा वाटा सरकार देईल. उरलेले गावाने वर्गणीने आणि श्रमदानाने उभे करायचे. गावाला एकदाच मिळणार होते. एकच योजना, एकच झरा.

झरे दोन होते. एक वाघजाईच्या देवळामागचा. दुसरा बौद्धवाडीच्याही वर, कड्याखाली उंबराच्या मुळांतून निघणारा. विमलाबाईंनी मला दोन्ही ठिकाणी आलटूनपालटून रोवायचे ठरवले. पण शाळा सोडून त्यांना दर आठवड्याला वर चढणे जमेना. तेव्हा येसूबाई म्हणाली, "काठीवरचा आकडा वाचायचाय ना? मी वाचते. नायतरी हंडा घिऊन मी रोजच वर जाते."

येसूबाई बौद्धवाडीत राहत असे. वय पन्नाशीच्या पुढे. तिचा मुलगा दादू मुंबईला गोदीत कामाला होता. तिला अक्षरे येत नव्हती, आकडे येत होते. उंबराच्या झऱ्याची वाट उभ्या जांभ्या दगडाची. एका वैशाखात ती भरल्या हंड्यासकट घसरली होती आणि तिचा डावा खुबा कायमचा दुखावला होता. तरी ती दिवसाला सहा खेपा करी. योजना उंबराच्या झऱ्यावर झाली तर पाणी नळाने तिच्या वाडीत उतरणार होते. देवळामागच्या झऱ्यावर झाली तर तिच्या वाडीत थेंबही चढणार नव्हता, कारण तो झरा खाली होता. मित्रांनो, तिच्या बाजूने बघितले तर सगळा प्रश्न एवढाच होता: सहा खेपा राहणार की जाणार.

तिने दोन वर्षे मोजले. दर गुरुवारी. लिंपलेली माती फुटली तर पुन्हा लिंपून, पाणी स्थिर होईपर्यंत बसून, मग आकडा. बौद्धवाडीतली पोरे तिला चिडवत, "येसूआय, पत्र्याला बगून पानी वाडतंय काय गो?" ती म्हणे, "वाडत न्हाय, पर खोटाही बोलत न्हाय. तुमच्यापरीस बरा." माझी त्याहून मोठी स्तुती कोणी केलेली नाही.

दोन उन्हाळ्यांचे आकडे वहीत आले. देवळामागचा झरा चैत्राच्या शेवटी बंद, दोन्ही वर्षी. उंबराचा झरा भर वैशाखातही तीन. तीनच्या खाली एकदाही नाही. तीन म्हणजे मिनिटाला तेरा लिटर. बाईंना खात्री हवी होती, म्हणून त्यांनी घड्याळ लावून पंधरा लिटरचा हंडा भरला. सत्तर सेकंद लागले. दिवसाचे झाले अठरा हजार लिटरच्या वर. सव्वाचारशे माणसांना माणशी चाळीस लिटर पुरून उरेल एवढे. शिवाय झरा सगळ्यात उंचावर. पंप नको, वीज नको. पाणी आपल्या वजनाने चारही वाड्यांत उतरेल. याहून सरळ योजना मी तरी ऐकलेली नाही.

आता माझ्या रागाकडे येतो.

पाटकोंडचे बरेचसे कर्ते पुरुष मुंबईला. गावाचे मोठे निर्णय ते गावी आले की होत, आणि ते सगळे मिळून येत गणपतीला. म्हणजे भाद्रपदात. तेव्हा गावात कुठेही पाय ठेवला तरी पाणी लागते. पाण्याचा निर्णय पाणी सगळ्यात जास्त असते त्या आठवड्यात घ्यायचा, ही त्यांची रीत होती आणि ती कोणाला विचित्र वाटत नव्हती.

१९८५ च्या गणपतीत, गौरी गेल्यावर, देवळाच्या सभामंडपात सभा बसली. सरपंच रावजी होते. मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाचे चिटणीस काशीराम होते, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. विमलाबाई बायकांच्या बाजूला खांबाशी बसल्या. येसूबाई आणि तिच्या वाडीची माणसे मंडपाच्या पायऱ्यांखाली पावसात छत्र्या धरून उभी. त्यांना कोणी वर येऊ नका म्हटले नाही. कोणी वर या असेही म्हटले नाही. मला खांबाला टेकून ठेवले होते.

बाईंची वही काशीरामांनी चाळली. "काम झकास आहे हां बाई," ते म्हणाले. "पण उंबराचा झरा जरा लांब पडतो."

"लांब नाही, उंच आहे. उंच आहे म्हणूनच सोयीचा," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

रावजींनी घसा खाकरला. "ता सगला खरा. पर पानी बौद्धवाडीतना फिरून आमच्या घरात येनार. म्हाताऱ्या मानसांना काय वाटल, याचाबी इचार करूक हवा."

झाले. एवढेच वाक्य. सगळ्यांना ते आधीच ठाऊक होते. पायऱ्यांखालच्या माणसांनाही.

मग कोणीतरी म्हणाले, देवीला कौल लावूया. गुरवाने वाघजाईच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न रावजींनी सांगितला: "आई, तुझ्या देवळामागचा झरा गावाला पानी देल काय?" भाद्रपदात तो झरा मंडपापर्यंत ऐकू येत होता. उजवी कळी पडली.

पायऱ्यांखालून येसूबाईचा आवाज आला. "रावजीदादा, आमी कौल मानत न्हाय. पर तुमी मानता ना? मग देवीला पुरा प्रश्न इचारा. वैशाखात देल काय, असा इचारा!"

"येसू, देवळात वाद नको," रावजी म्हणाले.

"मी देवळात कुठाय? मी पावसात हाय."

दोघेतिघे हसले. काशीराम उठले. "वाद कशाला? मोजून बघू. पत्रा आहे ना इथे?" त्यांनी मला उचलले, देवळामागे नेले, धो धो वाहत्या पाण्यात रोवले. काठीवर आकडा आला बारा. "बारा!" ते ओरडले. "आणि वरच्या झऱ्याचा वहीत तीन! चौपट पाणी सोडून आपण डोंगर चढायचा?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्जाच्या कागदावर एक रकाना होता, उन्हाळ्यातील पाणी. त्या रकान्यात काशीरामांनी खिशातल्या दोन पेनांपैकी चांगल्या पेनाने लिहिले: बारा.

आकडा खरा होता. महिना खोटा होता. देवीला अर्धा प्रश्न विचारला आणि मलाही अर्धाच. दोघांनी खरे उत्तर दिले आणि त्या दोन खऱ्या उत्तरांवर एक धादांत खोटी योजना उभी राहिली. मला वापरून. माझ्या अंगावरून वाहिलेल्या पाण्याची शपथ, इतकी लाज मला गंजताना वाटली नाही.

आणि विमलाबाई? त्या खांबाशी बसून राहिल्या. त्या उठल्या नाहीत. वहीत सगळे आहे, वाचणारा वाचेल, असे त्यांना वाटले. मला घडवणाऱ्या बाईंवरही माझा राग आहे. आकडे आपोआप बोलत नाहीत. ज्याला ठाऊक आहे त्याने उभे राहून बोलावे लागते, भाषा शिष्ट असो की नसो. पावसात उभी असलेली बाई बोलली आणि शिकलेली बाई गप्प राहिली.

मंजुरी आली. मुंबईच्या मंडळाने वर्गणी जमवली, गावाने चिरे वाहिले, देऊळवाडीच्या वर टाकी उभी राहिली. तिच्या दर्शनी भिंतीत संगमरवरी दगड बसला. त्यावर मंडळाचे नाव, काशीरामांचे नाव, रावजींचे नाव. मी अजून देवळामागेच रोवलेला होतो. पौषात विमलाबाई काठी वाचून रावजींकडे गेल्या आणि म्हणाल्या, झऱ्याचा आकडा सहावर आला आहे. रावजी म्हणाले, "मग निम्मा हायच की! उगाच घाबरवता, बाई." त्यांना मी सांगायला हवे होते ना, निम्मा म्हणजे काय ते? पण त्यांनी त्याच दिवशी मला उपटून घरामागच्या परड्यात नेले. माझे काम संपले म्हणून त्यांनी मला कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावले. खाचेतून एका दुपारी मुंगूस आत गेले आणि तीन कोंबड्या मेल्या. रावजींच्या बायकोने, यमुनाबाईने, मला शिव्या घालत परड्याच्या दगडी गडग्यापलीकडे भिरकावले. वाटेने जाणाऱ्या येसूबाईने मला पाहिले. शेण पुसले, डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवले आणि उंबराच्या झऱ्यावर नेऊन रोवले.

उद्घाटन अक्षय्यतृतीयेला ठरले. तेव्हाही चाकरमानी लग्नांसाठी गावी येतात. पाहुणे तालुक्याहून येणार, नळाची चावी फिरवणार, फोटो निघणार. आणि देवळामागचा झरा आठवड्यापूर्वीच बंद पडला होता. टाकीत पालापाचोळा.

मग काय केले असेल, मित्रांनो? त्यांनी तिन्ही वाड्यांतल्या बायकांना हंडे, कळशा घेऊन उंबराच्या झऱ्यावर पाठवले. टाकी डोक्यांवरून भरायला.

मी तिथे रोवलेला होतो. मी सगळे पाहिले. रणरणत्या सकाळी बायकांची रांग जांभ्याची वाट चढून आली. पुढे यमुनाबाई. जिच्या घरात बौद्धवाडीतून फिरून आलेले पाणी चालणार नव्हते, ती धापा टाकत म्हणाली, "येसूबाय, पानी घिऊ काय गो?"

येसूबाई उंबराखाली बसली होती. तिच्यामागे तिच्या वाडीच्या बाया. मला वाटले, आता ती नाही म्हणेल. मी मनातून म्हणत होतो, म्हण, नाही म्हण!

"घे," ती म्हणाली. "पान्याला न्हाय म्हनायचा न्हाय. आमाला कितीदा न्हाय म्हटलावत, ता आमी इसरलो न्हाय, म्हनून. पर आदी तुमच्या चिटनीसाला वर बोलवा. पांढऱ्या शर्टासकट."

निरोप गेला. काशीराम चढून आले, घामाने डबडबलेले. येसूबाईने काठीकडे बोट केले. "वाचा."

"आता वेळ कुठे आहे, पाहुणे येतील..."

"भाद्रपदात व्हता ना वेळ? वाचा, भाऊ."

काशीराम वाकले. त्यांनी काठीवर बोट टेकवले. "तीन," ते म्हणाले.

"म्हैना कंचा?"

"वैशाख."

"आता लिवा." तिने कनवटीची वही काढली, विमलाबाईंनी तिच्याकडे ठेवायला दिलेली. काशीरामांनी तारीख लिहिली, तीन लिहिले, खाली सही केली. पेन टोपण न लावताच खिशात टाकले. रागाने की शरमेने, मला कळले नाही. मला त्यांची कीवही आली नाही.

बायकांनी टाकीत साठ-सत्तर हंडे ओतले. पाहुण्यांनी चावी फिरवली, पाणी आले, टाळ्या वाजल्या. विमलाबाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. नळ अकरा मिनिटे वाहिला. कचेरीतल्या कागदावर शेरा पडला: योजना पूर्ण, पाणीपुरवठा सुरू. त्या अकरा मिनिटांनी पाटकोंडचा हक्क संपवला. पुढच्या वर्षी गावाने पुन्हा अर्ज केला तेव्हा उत्तर आले की या गावास योजना दिलेली आहे.

तो अर्ज विमलाबाईंनी लिहिला होता. उत्तर आले त्या संध्याकाळी त्या झऱ्यावर आल्या आणि येसूबाईला म्हणाल्या, "मी तेव्हा सभेत उठून बोलायला हवं होतं."

"हवा व्हता," येसूबाई म्हणाली. "आता बोला."

त्या बोलल्या. मुंबईला जाऊन दोन्ही मंडळांच्या खोल्यांवर बोलल्या, काशीरामांच्या आणि दादूच्या. दादूच्या बौद्ध मंडळाने आधी स्वतःच्या वर्गणीतून आपल्या वाडीपुरता नळ घ्यायचे ठरवले, आणि १९८८ च्या चैत्रात तो बौद्धवाडीत उतरला. येसूबाईच्या सहा खेपा थांबल्या. पण खुबा बरा झाला नाही. तो आता होणारही नाही.

मग काशीरामांचे मंडळ विचारायला आले: हाच नळ खाली टाकीपर्यंत वाढवता येईल का, खर्च आम्ही करू. येसूबाईने एकच अट घातली. सभा उंबराखाली, वैशाखात, सगळ्यांनी एका पंगतीत खाली बसून. रावजी आले नाहीत. बाकीचे आले, यमुनाबाईसुद्धा. काशीरामांनी सगळ्यांसमोर मला वाचले आणि आकडा मोठ्याने सांगितला. पुढच्या वर्षी ज्येष्ठात पाणी टाकीत पडले. तीन वर्षे उशिरा, दोनदा वर्गणी काढून. जे पहिल्याच वहीत लिहिलेले होते तेच.

सगळे खुश झाले. मी झालो नाही. टाकीवरचा दगड तसाच आहे. काशीराम म्हणाले, त्यावर येसूबाईचे नाव खोदून घेऊ. ती म्हणाली, "माजा नाव नको. तितं लिवा, ह्यो दगड बसवला तवा टाकी सुकी व्हती."

ते वाक्य कोणी खोदले नाही. पाथरवट मिळत नाही म्हणतात. म्हणून ते मी तुम्हाला सांगितले, मित्रांनो. तुमच्या गावातही कुठल्या टाकीवर, बंधाऱ्यावर असा नावांचा दगड असेल. नावे वाचू नका. ते पाणी कोणत्या महिन्यात मोजले होते आणि मोजणारी माणसे तेव्हा कुठे उभी होती, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.